खाडा कोणाचा? हौशी खेळाडूचा इतिहास लिहिताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी आपल्या सगळ्यांचा एक समज असतो, विषय ‘मोठा’ पाहिजे. माझाही होता. खेळाचा सामाजिक इतिहास हे क्षेत्र ठरलं होतं, पण सिनॉप्सिसमध्ये नेमका प्रश्न काही उतरत नव्हता. गाईड प्रत्येक वेळी एकच विचारायचे, “हे सगळं ठीक आहे, पण तुम्हाला शोधायचं काय आहे?” त्याचं उत्तर मला राजूरला, मामाच्या घरी मिळालं. तेही एका अर्धवट राहिलेल्या शर्यतीमुळे. ज्यांचा विषय अजून ठरतोय त्यांना उपयोग होईल म्हणून ती गोष्ट इथे सांगते.

निकालातली एक ओळ

राजूर म्हणजे भोकरदन तालुक्यातलं, गणपतीचं राजूर. जालन्याहून साधारण २५ किलोमीटर. माझा मामेभाऊ तिथे शेती करतो. मी त्याला दादा म्हणते. दोन-तीन वर्षं तो भल्या पहाटे सायकल घेऊन बाहेर पडायचा, तेव्हा गावाला वाटायचं की याला कुठेतरी नोकरी लागलीय. मग कळलं, त्याला ट्रायथलॉन करायची आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागोमाग एक, मध्ये विश्रांती नाही. ऑलिम्पिकमध्ये हे अंतर १.५, ४० आणि १० किलोमीटर असतं. दादाने निवडली ती त्याहून लांब होती: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. ती ओलांडली की शर्यत तिथेच संपते.

दादा पोहायला शिकला विहिरीत, पाठीला डबा बांधून. सरावही विहिरीतच. आता मराठवाड्यातली विहीर म्हणजे दिवाळीला भरलेली आणि होळीला तळ दाखवणारी. उन्हाळ्यात त्याचं पोहणं बंद. पाऊस चांगला झाला की पुन्हा सुरू. समुद्र त्याने शर्यतीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला. तरी पोहण्याचा टप्पा त्याने वेळेत, अगदी शेवटच्या मिनिटांत, पार केला. सायकलवर दोनदा पंक्चर झालं. कट-ऑफच्या ठिकाणी पोहोचला तेव्हा वेळ होऊन गेली होती. तिथल्या मुलाने त्याच्या घोट्यावरची टायमिंग चिप काढून घेतली आणि पाण्याची बाटली हातात दिली. निकालात त्याच्या नावापुढे तीन अक्षरं आली: डीएनएफ. म्हणजे शर्यत अपूर्ण.

मी मुलाखत घ्यायला गेले तेव्हा माझी पहिली चूक झाली. रेकॉर्डर सुरू केला आणि विचारलं, “कसं वाटलं?” दादाने सगळं रीतसर सांगितलं. जिद्द, मेहनत, पुढच्या वेळी नक्की. वर्तमानपत्रातली बातमी वाचल्यासारखं. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये मला वापरता येईल असं काहीच नव्हतं. घरी येऊन मी ती फाईल बाजूला ठेवली. शर्यत पूर्ण झालेली नाही, तर लिहायचं तरी काय?

वहिनींचा प्रश्न

दुसऱ्यांदा गेले तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या आणि रेकॉर्डरकडे बघत म्हणाल्या, “ताई, याच्यात माझं पण घ्या. ते पळायला गेले त्या आठवड्यात सोयाबीन कुणी काढलं, ते इचारा की.”

शर्यत होती पावसाळा सरल्यावर. पोहणाऱ्यासाठी तो काळ चांगला, कारण विहीर भरलेली असते. पण सोयाबीनची काढणी आणि कापसाची पहिली वेचणी यांचाही काळ तोच. दादा गेला, त्या दिवसांचं काम वहिनींनी आणि मामांनी केलं. दोन मजूर जास्तीचे लावावे लागले. सायकल कर्जाने घेतलेली. मामांनी तेव्हा एकच विचारलं होतं, “पहिला आला तर पैसे मिळतात का?” दादा म्हणाला, “न्हाई, आपणच भरायचे असतात.” मामा पुढे काही बोलले नाहीत.

आपल्याकडे कामावर न गेल्याने बुडालेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. गडी, बाई, गिरणीकामगार, सगळ्यांना हा शब्द कळतो. निकालपत्रकात वेळेची नोंद सेकंदापर्यंत असते, पण खाड्याची नसते. माझा प्रश्न मला इथे मिळाला: हौशी खेळाडूचा खाडा कोण भरतं? आणि हे कधीपासून चालत आलंय?

‘हौशी’ शब्दाचा इतिहास

प्रश्न मिळाला की त्यातल्या प्रमुख शब्दाचा इतिहास तपासायचा, ही सवय लावून घ्या. ‘ॲमॅच्युअर’ म्हणजे खेळातून पैसे न घेणारा, असं आपण सहज म्हणतो. पण इंग्लंडमध्ये हेन्लीच्या नौकाशर्यतीच्या १८७९ च्या नियमात पैशापुरतीच गोष्ट नव्हती. मजुरीवर काम करणारा कारागीर किंवा मजूर हौशी ठरूच शकत नव्हता. त्याने खेळातून एक पैसाही घेतला नसला तरी. म्हणजे ‘हौशी’ हे वर्तनाचं वर्णन असण्याआधी एका वर्गाभोवतीचं कुंपण होतं.

१८९५ साली उत्तर इंग्लंडमधले रग्बी क्लब मूळ संघटनेतून फुटून बाहेर पडले. भांडण होतं खाणीत आणि गिरणीत काम करणाऱ्या खेळाडूंची शनिवारची बुडालेली मजुरी भरून देण्यावरून. अगदी आपला खाडाच. क्लब म्हणत होते भरपाई द्या, संघटना म्हणत होती की भरपाई घेतली तर तो हौशी राहत नाही. १९२० साली जॉन केली या अमेरिकन नावाड्याचा अर्ज हेन्लीने नाकारला. त्यात त्याच्या क्लबचं आणि त्याने केलेल्या गवंडीकामाचं, अशी दोन्ही कारणं पुढे आली. त्याच उन्हाळ्यात त्याने अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं.

आता त्याच अँटवर्पमध्ये आपली माणसं बघा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा. तिथल्या स्पर्धेत शेतकरी घरातली मुलं लांब अंतराला ज्या वेळात पळत होती, ते पाहून ते थक्क झाले. हिंदुस्थानातून ऑलिम्पिकला संघ पाठवण्याची खटपट तिथून सुरू झाली, आणि त्यात टाटांचा स्वतःचा पैसाही होता. बेळगावचे फडेप्पा चौगुले २२ ऑगस्ट १९२० ला तिथली मॅरेथॉन धावले. अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरने जास्त. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटांत, एकोणिसावे आले. त्याच शर्यतीत सदाशिव दातार होते. त्यांच्या नावापुढे पूर्ण केल्याची वेळ नाही.

इथे दोन गोष्टी टिपून ठेवा. पहिली, नावं. इंग्रजी यादीत ही आडनावं निरनिराळ्या स्पेलिंगने येतात. एकाच स्पेलिंगने शोधलंत तर माणूस हातचा निसटेल. दुसरी जास्त महत्त्वाची. त्या शेतकरी धावपटूंबद्दल जे वर्णन वारंवार उद्धृत होतं, ते टाटांनी १९२९ साली ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. पत्र मोलाचं आहे, शंका नाही. पण ते नऊ-दहा वर्षांनंतरचं आहे, आणि लिहिणारा पळणारा नाही, खर्च करणारा आहे. त्या मुलांच्या शेतावर त्या दिवसांत कोण राबलं, हे त्या पत्रातून कळायचं नाही. हा टाटांचा दोष नाही. ते पत्र त्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याला पाठ असते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी वर्गणी गोळा झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, असं सांगितलं जातं. आपण ती गोष्ट त्यागाची म्हणून ऐकतो. संशोधकाने ती हिशेब म्हणूनही वाचावी: कांस्यपदकामागे कोणाचं घर, कोणाची वर्गणी, कोणाचा वेळ होता? आणि जमलं तर गहाणखताची नोंदही शोधावी.

एक प्रकल्प, एक रांगत गाठलेली रेषा

ट्रायथलॉनचा जन्मही याच प्रश्नाला धरून बघता येतो. २५ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे पहिली शर्यत झाली, ती धावण्याच्या क्लबातल्या लोकांनी हौसेने भरवलेली. त्याच वर्षी ऑलिम्पिक समितीने हौशीपणाचा जुना कडक नियम सैल केला. १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईत पहिली आयर्नमॅन झाली. १५ जण निघाले, १२ पोहोचले.

पण हा खेळ घराघरात माहीत झाला तो १९८२ च्या फेब्रुवारीत. ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी या शर्यतीत उतरली होती ती व्यायामशास्त्राच्या आपल्या प्रबंधासाठी. हो, आपल्यासारखीच, डेटा गोळा करायला! शेवटच्या टप्प्यात ती पहिली होती. रेषा काही पावलांवर असताना पाय गेले, ती कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली आणि ज्युलीने रांगत रेषा गाठली. निकालात ती दुसरी. टीव्हीवर पाहणाऱ्यांच्या लक्षात मात्र तीच राहिली. तो प्रसंग आज आपल्याला माहीत आहे, कारण तिथे कॅमेरा होता. दादाच्या कट-ऑफवर कॅमेरा नव्हता. अनुभव दोघांकडेही होता. फरक साधनांचा आहे.

राजूरची पायी वाट

आता एक सापळा सांगते, ज्यात मी स्वतः अडकले होते. ॲलन गटमन यांचं ‘फ्रॉम रिच्युअल टू रेकॉर्ड’ हे १९७८ चं पुस्तक खेळाच्या इतिहासात वाचावंच लागतं. मोजमाप आणि विक्रम ही आधुनिक खेळाची ठळक लक्षणं, असं ते मांडतात. मी लगेच तक्ता केला. एका बाजूला राजूरची पायी वारी, दुसऱ्या बाजूला ट्रायथलॉन. जुनं आणि नवं.

अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरचा रस्ता माणसांनी भरलेला असतो. बायाबापड्या, कॉलेजची पोरं, अनवाणी चालणारे. कडेला चहा, साबुदाण्याची खिचडी. दादा जालन्यात शिकायला होता तेव्हापासून चालत घरी यायचा. मी तक्ता दाखवला तर तो हसला. म्हणाला, “अगं, लांब पल्ल्याला दम कसा राखायचा, हे मी इथंच शिकलो. तिथं घड्याळ असतंय एवढंच. अन् इथं थकला तर माणूस ट्रॅक्टरवर बसतो, त्याला कुणी अपूर्ण म्हणत न्हाई.”

एकच माणूस एकाच वर्षात दोन्ही करतो. म्हणजे माझ्या तक्त्यात जे ‘आधी’ आणि ‘नंतर’ होतं, ते राजूरमध्ये शेजारी-शेजारी नांदतंय. सिद्धांत वापरायचा असतो तो असा घासून बघायला. आपलं गाव त्यात बसवायला नाही.

उलट टोकाचा सापळाही आहे. १९२० चं पुणे मुंबई इलाख्यात होतं आणि राजूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. डेक्कन जिमखान्याची गोष्ट उचलून मराठवाड्यावर चिकटवता येत नाही. इथला कारभार उर्दूत चालायचा. तेव्हा मराठवाड्यातला खेळ शोधायचा तर उर्दू कागदांशी मैत्री करावी लागते. मी सध्या लिपी शिकतेय, हळूहळू.

तुमच्यासाठी चार गोष्टी

एक, मुलाखतीत ‘कसं वाटलं’ विचारू नका. ‘त्या दिवशी तुमचं काम कोणी केलं’ असं विचारा. उत्तरात माणसं, पैसे, तारखा आपोआप येतात.

दोन, मुलाखत एकाची असली तरी घरातल्या दुसऱ्याचंही ऐका. वहिनी चहा ठेवून आत गेल्या असत्या तर माझा प्रबंध वेगळा झाला असता, आणि बहुधा वाईट.

तीन, साधन कोणी, कशासाठी तयार केलं ते आधी लिहून काढा. निकालपत्रक वेळ सांगायला केलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्याला खर्च विचारून उपयोग नाही. त्यासाठी दुकानाची पावती, कर्जाचा हप्ता, मजुरीची वही बघावी लागेल.

चार, परवानगी. दादाने कर्जाचा आकडा सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, “तेवढं लिहू नको.” आकडा मला फार उपयोगाचा होता. तरी तो लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. त्याचं नावही कुठे येणार नाही. आपण पदवी घेऊन निघून जातो, माणसाला त्याच गावात राहायचं असतं.

सिनॉप्सिस मंजूर झाला. व्हायवाला कोणीतरी विचारेलच की शर्यत पूर्ण न केलेल्या माणसावर प्रकरण का? माझं उत्तर तयार आहे. दादा पुन्हा सरावाला लागलाय, मात्र या वेळी त्याने काढणी उरकल्यानंतरची शर्यत शोधली आहे. ती तारीख वहिनींनी ठरवली. प्रकरणाची पहिली ओळ मी तिथूनच सुरू केली आहे.