उलटा बसविलेला दगड

इंग्लंडच्या उत्तरेस, डरहॅम परगण्यांत, वेअर नदीच्या कांठीं एस्कम नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील दगडी चर्च इ. स. ६७० ते ६९० च्या सुमारास बांधलें गेलें, असें जाणते मानतात; परंतु त्याच्या बांधणीचा समकालीन लेख मात्र नाहीं. याच मुलखांतील जॅरोच्या मठांत बीड या साधूनें इंग्लिश लोकांचा धर्मेतिहास ७३१ सालीं पुरा केला. त्यांतहि या चर्चचा उल्लेख नाहीं. ग्रंथ जेथें मुके होतात, तेथें अभ्यासकानें भिंतींकडे वळावें हें बरें.

या भिंतींचे मोठाले घडीव दगड सॅक्सन पाथरवटांनीं खाणींतून काढलेले नव्हेत. दोनतीन मैलांवर बिंचेस्टर येथें रोमनांचा लष्करी किल्ला होता. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधील रोमन सत्ता संपली, आणि तो किल्ला पुढील पिढ्यांची आयती खाण बनला. चर्चच्या कित्येक दगडांवर रोमन टांकीची शंकरपाळ्यांसारखी जाळी अद्याप दिसते. दालन व वेदीचा गाभारा यांमधील उंच, अरुंद कमानहि एखाद्या रोमन इमारतींतून उचलून आणली असावी. उत्तरेच्या भिंतींत तर एका दगडावर सहाव्या रोमन पलटणीचें नांव कोरलेलें आहे. आणि तो दगड उलटा बसविला आहे!

नव्या धर्मानें जुन्या साम्राज्यास बुद्ध्याच पालथें घातलें, असें कोणी म्हणतील. मला हा तर्क ओढूनताणून आणलेला वाटतो. पाथरवटानें पाहिली ती दगडाची बैठक. अक्षरें त्यास वाचतां येत नसावींत, किंवा येत असल्यास त्यांची मातब्बरी वाटली नसावी. सूडापेक्षां ही बेपर्वाईच अधिक बोलकी आहे. पावणेतीनशें वर्षांत एका जगज्जेत्या सत्तेचा दरारा तेवढाच उरला होता!

दालन सुमारें ४३ फूट लांब, १४ फूट रुंद, आणि त्या मानानें भिंती फार उंच. मूळच्या खिडक्या लहान व उंचावर. मोठ्या खिडक्या मागाहून पाडलेल्या. दक्षिणेच्या भिंतीवर तीन रेघांचें सूर्यघड्याळ असून त्यास सर्पाचा वेढा आहे.

१८६३ सालीं गांवांत नवें चर्च झालें, आणि जुनें मोडकळीस आलें. सुदैवानें १८७५ ते १८८० या काळांत त्याची डागडुजी झाली. आज तें नवें चर्च उभें नाहीं; जुन्यांत मात्र प्रार्थना चालते. जें टाकाऊ म्हणून एका पिढीनें सोडलें, तेंच दुसरीनें सांभाळलें. किल्ल्याच्या दगडांना ही गोष्ट नवी नव्हती.