धारेवरचा उजेड

रॉबर्ट हुकचं 'मायक्रोग्राफिया' 1665 मध्ये लंडनला निघालं. त्यातलं पहिलं निरीक्षण सुईच्या टोकाचं, दुसरं वस्तऱ्याच्या धारेचं. पुढे आलेल्या पिसवेच्या आणि उवेच्या भल्यामोठ्या चित्रांनी पुस्तक गाजलं, आणि वस्तरा मागे पडला. पण आज हौसेनं वस्तरा पाजवणारी मंडळी दर दगडानंतर जो उद्योग करतात, त्याचा मूळपुरुष हुकच. चांगला लागलेला वस्तरा त्यानं भिंगाखाली धरला, तर धारेच्या जागी जाडशा सुरीच्या पाठीएवढी पट्टी दिसली आणि तिच्या मागे नांगरलेल्या शेतासारखे चर. दोन्ही उपमा त्याच्याच. ते चर दगडावर घासण्यातून आलेले, हेही त्यानं ओळखलं होतं.

ती पट्टी त्याला दिसली ती उजेड धारेवर पडून परतला म्हणून. रात्री काम करायचं तर हुक दिव्यापुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोळा ठेवी, त्यापुढे एक भिंग, आणि सगळा प्रकाश नेमका वस्तूवर आणून टाकी. धार आणि दिवा यांची मांडणी जमली की धारेची कड चमकून उठे. चमकली याचा अर्थ तिला रुंदी आहे. खरी तीक्ष्ण कड उजेड परतवू शकत नाही. तिथे परतवायला पृष्ठभागच नसतो. वस्तरा पाजवणारे आजही धार समोरून दिव्याखाली धरतात आणि कुठे पांढरी ठिणगी दिसते का ते बघतात. ठिणगी दिसली तिथे धार बोथट.

एवढ्यावरून सूक्ष्मदर्शकाची वाट सरळ वस्तऱ्याकडे जायला हवी होती. गेली उलटी, आणि ती उलटवली वस्तऱ्यानंच.

त्याच पुस्तकात हुकनं बुचाच्या झाडाची साल पाहिली आणि तिच्यातल्या कप्प्यांना 'सेल' हे नाव दिलं. ती पातळ चकती कापायला त्यानं चाकू घेतला तो वस्तऱ्याइतकी धार लावलेला. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक यानंही वस्तऱ्यानं काप काढून 1674 मध्ये रॉयल सोसायटीकडे पाठवले. पाकिटात घातलेले ते काप 1981 मध्ये ब्रायन फोर्ड या संशोधकाला सोसायटीच्या कागदपत्रांत सापडले. वस्तू पुरेशी पातळ कापली की उजेड तिच्यातून आरपार जातो. मग वरून दिवा धरण्याची यातायात कशाला? एकोणिसाव्या शतकात वनस्पती आणि ऊतींचा अभ्यास वाढला तसा सूक्ष्मदर्शकाचा दिवा, किंवा दिव्याचा उजेड वर फेकणारा आरसा, कायमचा वस्तूखाली गेला. आपल्याकडे बॉटनीचं प्रॅक्टिकल केलेल्या कुणालाही हे यंत्र पाठ असतं: ब्लेडनं देठाचा सेक्शन काढायचा, वॉचग्लासमध्ये सॅफ्रनिन, स्लाइड, कव्हरस्लिप, आणि खालचा आरसा खिडकीकडे वळवायचा. त्याच मायक्रोस्कोपखाली ते ब्लेड ठेवून पाहा. काळी सावली दिसेल, बाकी काही नाही. पोलादातून उजेड जात नाही.

ही अडचण ज्यानं सोडवली तो वस्तऱ्यांच्याच गावचा. शेफिल्डचा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी, जन्म 1826. घराणं हत्यारं-अवजारं बनवणारं, गाठीला पैसा, म्हणून नोकरी कधी केलीच नाही, घरीच प्रयोगशाळा. सॉर्बीचं आधीचं नाव दगडांसाठी. खडकाची चकती घासून घासून इतकी पातळ करायची की तिच्यातून उजेड जावा, आणि मग आतले खनिजकण वाचायचे, हे तंत्र त्यानं रुजवलं. पोलाद मात्र कितीही घासलं तरी खडकासारखं पारदर्शक होत नाही. 1863 मध्ये त्यानं पोलादाचा तुकडा आरशासारखा घोटला, सौम्य आम्लानं जरा खाववला आणि उजेड वरून टाकला.

वरून म्हणजे कुठून, हाच खरा मुद्दा होता. भिंग वस्तूला जवळजवळ टेकलेलं. मध्ये दिवा घुसवायला जागा नाही. 1740 च्या सुमारास जर्मनीच्या लीबरक्यूननं भिंगाभोवती अंतर्गोल चांदीचा आरसा बसवून उजेड चहूबाजूंनी तिरपा आणला होता. सॉर्बीनं तिरपा उजेड वापरलाच, शिवाय भिंगाच्या तोंडावर अर्धा भाग झाकेल असा चिमुकला सपाट आरसाही ठेवला. बाजूच्या दिव्याचा उजेड त्या आरशावरून सरळ खाली जाई आणि परतलेला उजेड भिंगाच्या उरलेल्या अर्ध्यातून डोळ्यापर्यंत येई. उजेड तिरपा असला की घोटलेला भाग काळा दिसतो, कारण परतलेला प्रकाश भलतीकडे जातो, आणि चरे तेवढे पांढरे उमटतात. तोच भाग सरळ उजेडात पांढरा आणि चरे काळे. एकच धातू, दोन चित्रं. 1865 च्या सुमारास लंडनच्या रिचर्ड बेकनं आरशाऐवजी पातळ काचेची चकती नळीतच तिरकी बसवली; काही उजेड खाली वळतो, परतताना काही आरपार वर जातो. आजचे मेटलर्जिकल मायक्रोस्कोप याच वंशातले.

म्हणून वस्तऱ्यासाठी मायक्रोस्कोप घेताना 'किती पट?' हा प्रश्न मी पहिला विचारत नाही. दिवा कुठे आहे ते आधी. बाजारात स्वस्तात मिळतो तो कॉलेजवाला, खालच्या दिव्याचा. त्याला वरून टॉर्च लावून 10 च्या भिंगाला काम भागतं, पण 40 चं भिंग वस्तूपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर येतं, टॉर्चचा उजेड आत शिरतच नाही. वर ते भिंग 0.17 मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप गृहीत धरून घडवलेलं असतं, आणि वस्तऱ्यावर कव्हरस्लिप कोण ठेवतो? यूएसबीच्या मायक्रोस्कोपवर छापलेले 1000 पट बहुतेक पडद्याच्या आकाराचे असतात. त्या आकड्यावर पैसे घालवू नयेत. खिशातलं 60 पटीचं दिव्यासहित भिंग परवडणारं आणि सुरुवातीला पुरेसं. पुढे जायचं तर जुना मेटलर्जिकल शोधावा.

पाजवताना बघायचं असतं ते असं. प्रत्येक दगडावर घासण्याची दिशा थोडी बदलायची. 100 पटीला, म्हणजे 10 च्या भिंगाला, नव्या दगडाचे बारीक चरे जुन्यांना आडवे जाताना दिसतात, आणि जुना खोल चर कुठे शिल्लक असेल तर तो एकटा, वेगळ्या तिरक्यात, थेट कडेपर्यंत गेलेला सापडतो. कडेला जिथे तो पोचतो तिथे बारीकसा खांडा असतो. तो गेल्याशिवाय पुढचा दगड हातात घेण्यात अर्थ नाही. वस्तऱ्याच्या दोन बाजूंमधला कोन साधारण 16-17 अंशांचा, त्यामुळे पातं काचेवर नुसतं आडवं ठेवलं की वरची बाजू उतरती राहते आणि अर्धं चित्र धूसर. प्लॅस्टिसिनच्या गोळीवर पातं दाबून ती बाजू सपाट आणावी. 10 च्या भिंगाला एका वेळी सुमारे 1.8 मिलिमीटर धार दिसते, म्हणजे अख्ख्या वस्तऱ्याला चाळीसेक नजरा. 40 च्या भिंगाला त्याच्या चौपट. दाढी बाजूलाच राहते.

आणि तरीही खरी कड दिसत नाही. एर्न्स्ट आब्बेनं 1873 मध्ये दाखवून दिलं की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक तपशील साध्या भिंगांना सुटे दिसूच शकत नाहीत. चांगल्या 40 च्या भिंगाला ही मर्यादा 0.4 मायक्रॉनच्या आसपास येते, आणि कारखान्यातल्या दाढीच्या पात्याचं टोक याहून कितीतरी बारीक असतं. भिंगातून आपण कडेकडे जाणारे चरे आणि कडेचे खांडे तपासतो. तीक्ष्णतेचा अंदाज त्यावरून बांधायचा.

टोकाचं काय होतं ते 2020 मध्ये एमआयटीच्या जानलुका रॉशोली, ताहेरी-मूसावी आणि जेम ताशान यांनी 'सायन्स' मासिकात मांडलं. रॉशोली स्वतःच दाढी करून ती पाती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवत असे. पोलादाहून पन्नासेक पट मऊ असलेला केस पातं बोथट करतो कसा, हा प्रश्न होता. धार झिजून गोल होताना फारशी दिसली नाही. तिचे टवके उडत होते. केस वाकला, पात्याशी कोनात आला, आणि नेमका पोलादाच्या घडणीतल्या कच्च्या जागेशी भिडला, तर टवका निघतो. मोठे टवके 400 पटीला घरीही दिसतात. बाकीच्यांसाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हवा, आणि एखाद्या संस्थेत जाऊन वस्तऱ्यासाठी त्याची वेळ मागायला जरा निगरगट्टच असावं लागतं.