शॉकअपची कुळकथा

स्प्रिंग जुनी, शॉकअप त्या मानाने कालचा. ओबाडाया इलियटने लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट इंग्लंडमध्ये १८०४ साली घेतलं. घोडा धावून धावून किती धावणार? त्या वेगात पाटे एकमेकांवर घासले की उसळी आपोआप जिरायची. मोटार आली आणि हिशेब बिघडला. एका खड्ड्यातून निघालेली गाडी पुढचा खड्डा येईतो झुलतच राहायची. हापूसच्या पेटीत भाताचा पेंढा भरणाऱ्या बागायतदाराला यातली मेख सांगावी लागत नाही: नुसतं लवचीक असून भागत नाही, हादरा कुठेतरी जिरावा लागतो.

फ्रान्सच्या त्रुफोने तो चकत्यांमध्ये जिरवला. चकत्या एकमेकींवर दाबलेल्या आणि मधोमध नट. अमेरिकेत हार्टफर्डने हा शॉकअप विकायला काढला. नट आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. म्हणजे ट्यूनिंग हे काही आजचं खूळ नव्हे, फक्त तेव्हा त्यासाठी हातात पाना घ्यावा लागे. मग तेलाचे शॉकअप आले: नळी, आत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. भोक जितकं लहान, तितकं तेल अडतं. १९३०च्या दशकात रोल्स-रॉईसने काही गाड्यांना स्टिअरिंगपाशी दांडीच दिली, बसल्या जागी कडक-मऊ करायला.

आपल्याकडे १९६१ साली मुंबईत शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडिया निघाली. मूळच्या अमेरिकन गॅब्रिएलने आधी सायलेन्सरच्या धुरावर वाजणारे भोंगे विकले होते, शॉकअप मागाहून.

वीज या खेळात आली ती १९८३ साली, टोयोटाच्या सोअररमध्ये. शॉकअपच्या डोक्यावर छोटी मोटर, ती आतला दांडा फिरवणार आणि भोक बदलणार. ब्रेक, वेग, स्टिअरिंग यांची खबर सेन्सर देणार. फॉर्म्युला वनवाले आणखी पुढे गेले. त्यांनी अख्खं सस्पेन्शनच संगणकाच्या ताब्यात दिलं. विल्यम्स संघाची १९९२ ची गाडी इतकी सरस निघाली की १९९४ पासून असल्या सस्पेन्शनवर बंदीच आली. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलने भोकाचा प्रश्नच निकालात काढला. तेलातच लोखंडाचे सूक्ष्म कण. चुंबक चालू झाला की तेल घट्ट. हे तेल जेकब रॅबिनोने १९४०च्या दशकातच शोधलं होतं. ते गाडीखाली पोचायला अर्धशतक लागलं.

चुंबकी तेलाच्या नसल्या, तरी विजेवर कडक-मऊ होणाऱ्या शॉकअपच्या गाड्या आता महाराष्ट्रातही जोडल्या जातात. मर्सिडीजच्या चाकणच्या कारखान्यात २०२० साली एएमजी जीएलसी ४३ कूपे तयार होऊ लागली; कम्फर्ट, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस असं सगळं बटणावर. अशी गाडी घेऊन रत्नागिरीहून हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायला लागलं की स्पोर्टचा मोह होतोच. डांबर गुळगुळीत असेल तर वळणात गाडी कलत नाही, मजा येते. पण उखडलेल्या पट्ट्यावर तेच बटण उलटतं. शॉकअप परतताना जास्त कडक असेल तर एका खड्ड्यात दबलेलं चाक पूर्ण खाली येण्याआधीच दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. गाडी हळूहळू बसत जाते, चाकाला खेळायला जागाच उरत नाही, आणि टायर रस्ता सोडतो. तिथे मऊ गाडीच जास्त जोरात जाते, हे रॅलीवाल्यांना केव्हाचं ठाऊक आहे. तेव्हा इंजिन स्पोर्टवर, सस्पेन्शन कम्फर्टवर, असं वेगवेगळं लावता येत असेल तर पावसाळ्यात तेच लावावं. मात्र डांबराची तुटलेली कडा आली तर सेन्सर कितीही चलाख असो, पातळ टायरला आलेला फुगा काही त्याला परतवता येत नाही.