नवरा, मालक आणि 'स्वतः'

मध्यंतरी आम्ही एका गटाचे कर्जाचे अर्ज भरत होतो. 'पतीचे नाव' या रकान्यापाशी एक आजी अडल्या. म्हणाल्या, "जेजुरीचा देव आठवा बाई, तेच." शेजारणीनं 'खंडू' असं सांगितलं, आम्ही लिहिलं आणि सगळ्याजणी हसलो. आजी मात्र हसल्या नाहीत. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. उखाण्यात चालतं, एरवी नाही.

त्या दिवसापासून बैठकीच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही हे शब्द टिपून ठेवायला लागलो. अहो, आमचे हे, घरधनी, मालक, कारभारी, यजमान, पिंकीचे पप्पा. पुण्यात आलं की 'आमचे मिस्टर'. इंग्रजीत मिस्टर म्हणजे नावाआधी लावायचा नुसता 'श्री'. आपण नाव गाळलं आणि श्री तेवढा ठेवला!

पुण्यातल्याच रमाबाई रानड्यांचं बघा. १८७३ साली अकराव्या वर्षी त्यांचं न्यायमूर्ती माधवराव रानड्यांशी लग्न झालं. माधवराव त्यांना घरी शिकवायचे आणि घरातल्या बायका त्यावरून रमाबाईंना टोचून बोलायच्या. तरी त्या शिकल्या, सभांमधून बोलल्या, पुण्यात सेवासदन उभं केलं. १९०१ साली माधवराव गेले. १९१० साली रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक निघालं. त्यात नवऱ्याला शब्द कोणता? 'स्वतः'. 'स्वतः' आले, 'स्वतः' म्हणाले, असं. पुढं १९३८ साली अमेरिकेत त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं, तेव्हा पुस्तकाचं नावच त्या अर्थाचं ठेवलं, 'हिमसेल्फ'. गंमत अशी की आयर्लंडकडच्या इंग्रजीत घरधन्याला किंवा कामावरच्या साहेबाला खरोखरच 'हिमसेल्फ' म्हणतात. तिकडच्या बायकांनाही नाव टाळायची वाट सापडली म्हणायची.

सावित्रीबाई फुल्यांनी १८५६ साली माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यातही 'स्वामी' असंच आहे. शेणाचा मारा सोसून शाळा चालवणारी बाई ती. तेव्हा तोंडातल्या शब्दावरून बाईची किंमत करायला आम्ही तरी धजणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हटलं, तोही एक मार्ग.

इंग्रजीतल्या 'हजबंड' शब्दाचा मूळ अर्थ घराचा धनी, कुटुंबप्रमुख. आपला 'पती' म्हणजेही स्वामीच. 'मालक' शब्द अरबी-फारसीतून आला, तो शेताच्या धन्यालाही चालतो, दुकानाच्याही आणि नवऱ्याच्याही. 'बॉस'ची गोष्ट मात्र वेगळी. तो डच भाषेतला शब्द, अर्थ धनीच. पण अमेरिकेतल्या कामगारांना मालकाला 'मास्टर' म्हणणं नकोसं झालं, कारण त्या शब्दाला गुलामीचा वास होता. मग त्यांनी 'बॉस' धरला. राबणाऱ्यांनी शब्द बदलून घेतला, हे आम्हाला फार आवडलं.

बापाच्या शब्दांचा इतका घोळ नाही. एकत्र कुटुंबात चुलत भावंडं ज्याला तात्या, नाना, अण्णा म्हणायची, त्याला त्याची स्वतःची पोरंही तेच म्हणायची. पप्पा आणि डॅडी इंग्रजीतून आले. बाबा मात्र बाळाच्या ओठांवर आपोआप येतो.

आता 'नवरा' घ्या. 'नववर' म्हणजे नवा वर, त्यावरून झालेला हा शब्द. यात ना धनी, ना स्वामी, ना मालक. आणि नेमका हाच शब्द चारचौघांत उच्चारायला आपल्याला लाज वाटते. तो उद्धट वाटतो म्हणे.

बोलण्यात 'मालक' म्हटलं तर काय बिघडतं, असं काहीजणी विचारतात. बोलण्यात काही नाही. सातबाऱ्यावर बिघडतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव नेला, नवऱ्यांनी आपल्या हातानं बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी म्हणून. १९९२ साली सरकारनंही नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. आमच्या गटांत किती जणींचं नाव लागलं, हे विचारलं तर बैठक गप्प होते.

आमच्या एका ताईची पिठाची गिरणी आहे. कर्ज गटाचं, मीटर तिच्या नावावर, हप्ते तीच भरते. पट्टे विकणारा माणूस आला आणि म्हणाला, "मालक आहेत का?" ताई म्हणाली, "आहेत की, घरात झोपलेत." आणि नवऱ्याला उठवायला गेली. नवरा डोळे चोळत बाहेर आला आणि तिलाच विचारायला लागला, "कितीचा पट्टा लागतो गं?" ताईनं हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग ताईच म्हणाली, "मी असं का केलं, मलाच कळलं नाही."

वहीचं पान अजून भरलेलं नाही. तुमच्याकडं नवऱ्याला, सासऱ्याला, मुकादमाला काय म्हणतात ते गटाच्या सचिवताईंकडं लिहून द्या. आणि नवरे आपल्याला काय म्हणतात तेही. 'अगं', 'ऐकलंस का' आणि 'आमची मंडळी' एवढंच सध्या वहीत आहे.