परदेशात मोबाइल कसा वापराल? घरचा नंबर चालू ठेवा, नेट वेगळं घ्या

पांढुर्णा/सौंसर : 'रोमिंग' म्हणजे काय, हे सीमेवरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पांढुर्णा आणि सौंसरचे नंबर मध्य प्रदेश-छत्तीसगड सर्कलचे, तर वरूड, सावनेर आणि नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. दवाखाना असो की संत्र्याचा बाजार, सीमा ओलांडली की पूर्वी येणाऱ्या कॉलचेही पैसे कटायचे. ट्रायने १ मे २०१५ पासून रोमिंगमधल्या येणाऱ्या कॉलचा कमाल दर मिनिटाला ७५ वरून ४५ पैशांवर आणला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही देशातलं रोमिंग शुल्क काढून टाकलं आणि ही कटकट संपली.

देशाबाहेर मात्र ती संपलेली नाही. तिथे येणारा कॉल, जाणारा कॉल आणि नेट, तिन्हींचा हिशेब वेगळा असतो. आता इथली पोरं नोकरी-शिक्षणासाठी आखातात, युरोपात, अमेरिकेत जातात आणि मागून आई-वडीलही भेटायला जातात. त्यांनी नागपूरचं विमानतळ गाठण्याआधी काय करून ठेवावं, त्याची ही माहिती.

सगळ्यात आधी : नंबर बंद पडू देऊ नका

पैसे खर्च होतील म्हणून बरेच लोक घरचं सिम काढून कपाटात ठेवतात. खरं नुकसान तिथेच होतं. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, यूपीआय हे सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं. ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या माणसाला मिळतो, आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे जायला लागतात.

म्हणून सिम फोनमध्येच ठेवा. किती दिवस बाहेर राहणार ते मोजून रिचार्ज करा, आणि पुढचं रिचार्ज वेळेवर करायचं काम घरच्या कोणावर तरी सोपवा.

निघण्याआधीची कामं

१. इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. ही सेवा बहुतेक वेळा आपोआप चालू नसते. कंपनीच्या ॲपमधून किंवा दुकानातून ती चालू होते. प्रीपेडवर पॅक नसेल, तर तिकडं नेटवर्कच लागत नाही असंही होतं. मग घरचे म्हणतात, "फोन तं लागूनच नाही राहिला."

२. पॅक घेताना देशाचं नाव तपासा. एकच पॅक सगळ्या देशांत चालत नाही. वाटेत विमान बदलायचं असेल, तर तो मधला देशही पॅकमध्ये आहे का ते विचारा.

३. यूपीआय ॲप आधीच चालू करून पाहा. नोंदणी करताना ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं. परदेशात हा एसएमएस अडकू शकतो. म्हणून निघायच्या तोंडावर नवीन फोन घेऊ नका आणि ॲप काढून पुन्हा टाकू नका.

४. कॉल फॉरवर्डिंग काढा. बाहेर असताना न उचललेला कॉल भारतात परत वळवला गेला, तर दुहेरी पैसे लागू शकतात. ##००२# डायल केलं की फॉरवर्डिंग रद्द होतं.

५. सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा. शून्य लावून सेव्ह केलेला नंबर परदेशातून लागत नाही.

६. जुना साधा फोन नेऊ नका. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ पर्यंत थ्रीजी बंद केलं. तिथे फोरजीवरून कॉल होणारा फोनच हवा.

नेटचा हिशेब

पॅक नसताना नेट चालू राहिलं की बिल फुगतं. एक जीबी म्हणजे १,०२४ एमबी. एमबीला एक रुपया धरला, तरी एका जीबीचे हजारावर रुपये होतात. व्हिडिओ कॉल आणि आपोआप अपडेट होणारी ॲप एवढं नेट बघता बघता संपवतात.

त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' बंद ठेवा. ते बंद असलं तरी नेटवर्क असेल तर एसएमएस येतो, म्हणजे ओटीपी मिळतो. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत, तरी आपल्या कंपनीला एकदा विचारून घ्या.

आठ-दहा दिवसांसाठी जात असाल, तर आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक सोपा पडतो. महिना-दोन महिने राहायचं असेल, तर तिथलं सिम किंवा ई-सिम घेतलेलं बरं. स्थानिक सिमसाठी साधारणपणे पासपोर्ट दाखवावा लागतो. ई-सिमला वेगळं कार्ड लागत नाही, पण तुमचा फोन ते घेतो का, हे आधी पाहा. स्वस्त फोनमध्ये ती सोय बऱ्याचदा नसते. दोन सिम असतील, तर नेटसाठी तिथलं सिम निवडा आणि घरचं सिम फक्त एसएमएससाठी ठेवा.

विमानात आणि जहाजावर फोन 'एअरप्लेन मोड'वरच ठेवा. तिथलं नेटवर्क उपग्रहावरून येतं, महाग असतं आणि बहुतेक साध्या पॅकमध्ये बसत नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं

पांढुर्ण्याहून तुम्ही मुलाच्या भारतीय नंबरवर फोन लावला, तर तुम्हाला नेहमीचाच दर लागतो. वरचा खर्च मात्र त्याच्या माथी पडतो. म्हणून आधी मेसेज टाका, बोलणं वाय-फायवर करा.

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-शारजात, व्हॉट्सॲपचे मेसेज चालतात, पण तिथल्या नेटवरून व्हॉट्सॲपचे कॉल अडवले जातात. तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरतात. तेव्हा कॉल लागला नाही म्हणून घाबरून जाऊ नका. निघण्याआधीच दोन्हीकडच्या फोनमध्ये असं ॲप टाकून ठेवा.

पैसे कसे द्यायचे?

नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, अमिराती आणि फ्रान्समध्ये काही ठिकाणी यूपीआय चालतं. त्यासाठी ॲपमध्ये 'यूपीआय इंटरनॅशनल' चालू करावं लागतं. सगळ्या दुकानांत ते चालेल, या भरवशावर जाऊ नका.

जे कायमचे तिकडं राहतात, त्यांच्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांच्या मोबाइल नंबरवरूनही यूपीआयची मुभा दिली गेली. त्यात अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान, अमेरिका आणि ब्रिटन आहेत. मात्र बँकेत एनआरई किंवा एनआरओ खातं हवं.

फोन हरवला, तर आधी सिम बंद करायला कंपनीला कळवा, मग बँकेला. पैसे गेले असतील, तर भारतातल्या घरच्यांनी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

जम्मूला जाणाऱ्यांसाठी

वैष्णोदेवी किंवा अमरनाथला जायला पासपोर्ट लागत नाही, पण इतर राज्यांची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड चालतात. त्यामुळे यात्रेला निघालेल्या जत्थ्यात निदान एक-दोघांकडे तरी पोस्टपेड नंबर असू द्या, आणि तो नंबर सगळ्यांच्या घरी लिहून ठेवा.