पोटात ठेवलेलं हाड

ऐकता ऐकता एक हात डोक्यावर ठेवा. हाताला लागतंय ती कवटी. मेंदूला सांभाळते तीच. पण मेंदू सुजला की तीच त्याला दाबून टाकते, कारण हाड काही फुगत नाही.

समजा, रात्री कोंडाईबारी घाटात बाईक घसरली. डोक्यावर हेल्मेट नाही. मेंदूची सूज औषधांनी उतरेना, तर सर्जन कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात, म्हणजे सुजेला जागा मिळते. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी १९०१ साली मांडली आणि अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी ती पुढे नेली. २०१६ साली ४०८ रुग्णांचा एक अभ्यास आला. हाड काढलेल्यांपैकी सहा महिन्यांत शंभरातले साधारण २७ दगावले, आधी औषधांवर ठेवलेल्यांपैकी ४९. मात्र वाचलेल्यांत कायमचे परावलंबी झालेलेही जास्त होते.

मग काढलेलं हाड जातं कुठे? एक तर खूप थंड फ्रीझरमध्ये, नाही तर रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली! ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. लाईट गेली तरी चिंता नाही, हाडांची अदलाबदल नाही. माझ्यासारखा कोड लिहिणारा म्हणेल, बॅकअप मालकाच्याच खिशात.

पण ते परत बसवायचं कधी? जुना नियम होता, तीन ते सहा महिने थांबा. त्यामागे संसर्गाची भीती होती. युद्धातल्या घाण जखमांनी सर्जनना सबुरी शिकवली होती. दुसरीकडे १९३९ सालीच ग्रँट आणि नॉरक्रॉस या अमेरिकन डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की कवटीला भोक राहिलेल्यांना डोकेदुखी, चक्कर असा त्रास होतो. कातडी आत खचते. काहींचं बोलणं, चालणं बिघडतं आणि हाड बसवल्यावर ते सुधारतं. म्हणून आता बरेच सर्जन सूज उतरली आणि जखम स्वच्छ असली तर तीन महिन्यांच्या आतच बसवतात. फार घाई केली तर काही गुंतागुंती वाढतात असंही दिसलंय. एकमत अजून नाही. पण उगाच उशीर कुणालाच नको, कारण पोटात फार दिवस राहिलेलं हाड झिजतं. मग टायटॅनियम किंवा ॲक्रिलिकचा तुकडा लागतो.

आता आपला नंदुरबार. भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरला सुरू केला. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली, सरकारी मेडिकल कॉलेज आलं २०२० साली. आजही डोक्याच्या मोठ्या ऑपरेशनसाठी लोक धुळे, नाशिक, सुरत गाठतात. धडगावच्या पाड्यावरून दुसऱ्यांदा तिथे जायचं म्हणजे मजुरी बुडणार, गाडीभाडं लागणार, सोबतीला माणूस लागणार. शिवाय ऊसतोडीचा हंगाम. पेशंट चालू-बोलू लागला की घरचे म्हणतात, ‘बरा झाला ना!’ पुस्तकातले तीन महिने इथे सहज वर्षावर जातात.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी विचारा आणि मोबाईलमध्ये सेव्ह करा: हाड कुठे ठेवलंय, परत कधी यायचं, फोन कुणाला करायचा. तोवर त्या बाजूला मार लागू देऊ नका. खड्डा खोल वाटला, झोप वाढली, हात-पाय लुळा पडला, तर तारखेची वाट न बघता निघा.

मराठीत गोष्ट पोटात ठेवणं म्हणजे गप्प बसणं. हाड पोटात राहू दे, तारीख मात्र घरात सगळ्यांना सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, हेल्मेट घाला!