त्र्यंबकची वाट आणि यात्रेकरूच्या गाठीचा पैसा

'त्र्यंबक फार महाग हो!' हे उद्गार दारात उतरणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडून आपण सर्वजणींनी ऐकले आहेत. कोणी ते हसत म्हणते, कोणी कपाळाला आठ्या घालून. या तक्रारीत तथ्य किती, आणि ती केव्हापासून खरी ठरू लागली, हे समजण्यासाठी जुन्या यात्रेचा खर्च कशावर होत असे ते पाहावे लागते. स्मरणिकेसाठी हा विषय घेण्याचे कारण इतकेच की, त्या खर्चाचा बराच भाग बायकांच्या हातून होई. आणि त्याहून मोठा भाग बायकांच्या हातांनी वाचत असे.

आपले गाव आहे तरी केवढे! 2011 च्या शिरगणतीत वस्ती सुमारे 12 हजार भरली. ब्रह्मगिरी, नीलगिरी आणि कालगिरी यांच्या कुशीत ते वसले आहे. पाऊस भरपूर, पिकते ते भात, नागली, वरई. गहू, डाळ, गूळ, तेल हे सारे बाहेरून यावयाचे, आणि तेही बहुतेक नाशिकच्या एकाच वाटेने. त्यात पर्वकाळी गावाच्या कितीतरी पट माणसे येऊन थडकतात. अशा ठिकाणी जिन्नस महागतो तो केवळ दुकानदाराच्या लोभाने नव्हे.

आगगाडी येण्यापूर्वी यात्रेकरूचा मुख्य खर्च दिवसांचा असे. महिना-महिना घर सोडून राहायचे म्हणजे तेवढ्या दिवसांचे अन्न, तेवढ्या दिवसांची बुडालेली कमाई आणि चोराचिलटांचे भय. मोठ्या क्षेत्री सरकारी करही भरावा लागे. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर शहाजहान बादशहाकडून माफ करवून घेणारे कवींद्राचार्य सरस्वती हे मूळचे आपल्या गोदातीरीचेच, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, तेव्हा उदेपूर-जयपूरच्या दरबारांनी त्यांचे आदराने स्वागत केले. पण ते पेशव्यांच्या मातोश्रींचे झाले. तुमच्या-आमच्या पणज्यांच्या पाठीशी कोणता दरबार उभा राहणार? त्यांना आधार होता तो संगतीचा. गावातल्या दहा-पंधरा जणी, दोन वडीलधारे पुरुष आणि सामानापुरती एक बैलगाडी. गाठोड्यात पीठ, डाळ-तांदूळ, मेतकूट, गुळाचा खडा. वाटेच्या दशम्या दुधात भिजवलेल्या, म्हणजे प्रवासात टिकाव्यात. पैसा असे तो कनवटीला, आणि तो शक्यतो क्षेत्रीच मोडायचा, वाटेत नाही.

क्षेत्री पोचल्यावर उतरायचे ते आपल्या उपाध्यायांच्या घरी. उपाध्यायांच्या वहीत आजा-पणजाचे नाव, गाव, कोण केव्हा आले हे लिहिलेले असे. आजही अशा वह्या आपल्या गावात आहेत. वहीत नाव निघाले की ओळख पटली. त्या घरी खोलीचे भाडे नसे आणि ताटाचा दर नसे. निघताना ऐपतीप्रमाणे दक्षिणा, आणि हातात नसेल तर 'पुढल्या खेपेस देऊ' म्हणण्याचीही सोय.

ही व्यवस्था गोड होती, यात शंका नाही. पण तिचे ओझे कोणी वाहिले? पहाटे कुशावर्तावरून पाण्याच्या घागरी आणणारी, सोवळ्यात पुरणावरणाचा स्वयंपाक करणारी, वीस पाने वाढून झाल्यावर स्वतः तिसऱ्या प्रहरी जेवणारी घरातली सून कोणत्याही वहीत सापडत नाही. यात्रा स्वस्त पडे ती बऱ्याच अंशी तिच्या कष्टांमुळे. आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आकडा आधी बोलायचा नाही, ही रीत सधन यजमानाला शोभे. परंतु नवऱ्याचे क्रियाकर्म करण्यासाठी आलेल्या बाईला तीच रीत जड जाई. किती दिले म्हणजे कमी म्हणणार नाहीत, या विवंचनेत तिचे निम्मे पुण्य आटून जात असेल.

थोरांनी मात्र येथे पैसा सढळ ओतला. देवालयाचे काम नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये सुरू केले. ते 1786 मध्ये पुरे झाले, तोवर नानासाहेबांना जाऊन 25 वर्षे झाली होती. खर्च 16 लाख रुपये आला असे सांगतात. कुशावर्ताचे बांधीव कुंड होळकरांचे फडणीस पारनेरकर यांचे. ज्याने बांधले त्याने दिले आणि ज्याने स्नान केले त्याला काही पडले नाही, असा तो हिशेब होता.

मग आगगाडी आली. 1 जानेवारी 1865 रोजी कसारा-इगतपुरी हा थळघाटाचा मार्ग खुला झाला आणि मुंबईचा माणूस गाडीत बसून नाशिकपर्यंत येऊ लागला. स्टेशन गावापासून दूर. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक रोड ते नाशिक शहर अशी ट्राम सुरू झाली. आरंभी ती घोडे ओढीत. 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. नाशिकपासून पुढचे सुमारे 28 किलोमीटर मात्र टांगा, बैलगाडी नाही तर आपले दोन पाय. पुढे मोटारी आल्या. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली आणि यथावकाश लाल गाडी दारोदार पोचली. रुपयाचे 16 आणे जाऊन 1 एप्रिल 1957 पासून 100 नवे पैसे झाले, तेव्हा पैशांचा हिशेब बोटांवर करणाऱ्या म्हाताऱ्यांची तारांबळ उडाली असेल! 17 मार्च 2023 पासून एस. टी. त बायकांना अर्धे तिकीट झाले. वाटखर्च इतका कमी पूर्वी कधीच नव्हता.

तरी यात्रा महाग ती महागच. कारण खर्च नाहीसा झाला नाही, त्याने जागा बदलली. महिन्याची यात्रा एका दिवसाची झाली, आणि वेळ वाचवायला निघालेला माणूस घाईचे मोल देतो. रांग चुकवण्यासाठी 200 रुपयांचे दर्शन आले. शिधा घरी राहिला, म्हणून दोन वेळचे विकतचे जेवण आले. नारायण नागबळी हा तर तीन दिवसांचा विधी. त्यात नवी वस्त्रे, नागाची सोन्याची लहानशी प्रतिमा, तीन दिवसांचा मुक्काम. सोने चढले की विधीही चढतो. येणाऱ्या बहिणीने नाशिक ते त्र्यंबक भाड्याचाच विचार करून पैसे आणले, तर ती फसलीच म्हणायची.

उलट, जे येथे सर्वांत मोठे मानले जाते त्याला पैसा लागतच नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीला येणाऱ्या दिंड्या पाहा. पायी येतात, उघड्यावर चूल मांडतात, भाकरी थापतात. त्यांतल्या बायकांच्या तोंडून महागाईचे रडगाणे मी तरी ऐकले नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी सुमारे 20 किलोमीटरची, मोठी 40 ची. दोन्हींना तिकीट नाही. गंगाद्वाराच्या सुमारे 700 पायऱ्या ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांवर चढायच्या. डोलीत बसले तरच पैसे, आणि तेही बसण्यापूर्वी ठरवलेले बरे.

आता सिंहस्थाकडे वळू. दर 12 वर्षांनी वैष्णव साधू नाशिकच्या रामकुंडावर आणि शैव आखाडे आपल्या कुशावर्तावर स्नान करतात, त्यामुळे गर्दीचा भार येथेही पुरता पडतो. 2026-27 च्या सिंहस्थाच्या ध्वजारोहणासाठी 31 ऑक्टोबर 2026 हा दिवस जाहीर झाला. पर्वण्या 2027 च्या पावसाळ्यात. त्या काळात बाहेरगावचे नातलग आपल्यालाच विचारणार. त्यांना आधीच सांगावे: पर्वणीच्या दिवशी येऊ नका, दोन दिवस मागेपुढे या, मोठ्या गर्दीत खासगी गाड्या गावाबाहेर अडवल्या जातात, तेव्हा नाशिकहून एस. टी. नेच या, चालायची तयारी ठेवा, छत्री आणि कोरडे लुगडे बरोबर घ्या, विधी करायचा असेल तर सामग्री, दक्षिणा, मुक्काम असा एकूण आकडा आधी विचारून घ्या. आणि ज्या घरी पाहुणे पैसे देऊन उतरणार आहेत, तेथे चहा-जेवणाचा दर दारावर लिहून लावावा. त्या दरात स्वयंपाक करणारीचा वाटा किती, हेही त्याच वेळी घरात ठरवून घ्यावे.